चारशे नंबरचा कागद

६ जानेवारी

हे ही डायरी घेऊन आले आणि म्हणाले, "दिवसभर माझ्याशी भांडतेस, थोडं हिच्याशी भांड." एवढ्या वर्षांच्या संसारात ह्यांनी न सांगता आणलेली ही बहुधा तिसरी वस्तू, तेव्हा लिहायलाच हवं.

पहिली गोष्ट, मी शिवण सोडलेलं नाही. सुयांनी सोडायला लावलं. हल्लीच्या सुया बोटांत ठरतच नाहीत. दोऱ्याची तीच गत. गाठ मारायला जावं तर दोरा हातात आहे की नाही हे मान खाली घालून बघावं लागतं. शाळेत जन्मभर मुलींना शिवण शिकवलं, डोळे मिटून नुसतं कापड चिमटीत धरून सुती की भेसळीचं ते सांगायचे, आणि आता बाळासाठी दुपटं शिवायला घेतलं तर टीप अशी वाकडी की दुसऱ्या कुणाची असती तर मी उसवायला लावली असती. दुपटं कपाटात कोंबून ठेवलंय.

लेक आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहते. तिचे दिवस भरत आलेत आणि जावई कामासाठी बाहेरगावी. तिला मी दोन गोष्टी सांगून ठेवल्या आहेत. बाळ हातात धरेल ती पहिली वस्तू माझ्या हातची असेल आणि बाळाला न्हाऊ मीच घालणार. ती म्हणाली, "दोन्ही तुझंच, आई." तेव्हा दुपटं नाही तर नाही, दुसरं काहीतरी हवं.

मागच्या गल्लीत एक कातारी आहेत. लेथवर लाकूड कातून लाटणी, पलंगाचे पाय, लट्टू असलं करतात. त्यांची मुलगी माझ्या हाताखाली शिवण शिकली. उद्या जाऊन विचारते.

१० जानेवारी

कातारी शिकवायला तयार झाले. माणूस बोलका आहे, म्हणजे स्वतःबद्दल. त्यांच्यासारखी गोलाई अख्ख्या शहरात कुणाला येत नाही हे मला आज चारदा कळलं.

खुळखुळा करायचा ठरलाय. एकाच लाकडातून मूठ आणि मुठीवर तीन सुट्या कड्या. कड्या वेगळ्या करून घालायच्या नाहीत, त्याच लाकडातून कोरून मोकळ्या करायच्या, म्हणजे कधी निघून यायला नकोत. अवघड भाग त्यांनी केला, सोपा मी केला, आणि घरी येऊन ह्यांना उलटं सांगितलं.

पण खरं काम पुढेच आहे. बाळ तोंडात घालणार, तेव्हा लाकूड गुळगुळीत हवं. ऐंशी नंबरच्या खरखरीत पॉलिश पेपरने पटाशीच्या खुणा घालवायच्या. मग एकशेवीसने ऐंशीचे ओरखडे घालवायचे, एकशेऐंशीने एकशेवीसचे, असं करत सगळ्यात बारीक चारशेपर्यंत. म्हणजे प्रत्येक कागद आधीच्या कागदाची घाण निस्तरतो. मी म्हटलं, मग सुरुवातच चारशेने का नाही करायची? कातारींनी चष्मा काढून पुसला. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "आमच्या ऑफिसात हेच चालायचं. फक्त तिथे नंबर नव्हते."

१३ जानेवारी

आज घासायला शिकले. फिरत्या लाकडावर कागद हलकेच टेकवायचा आणि सरकवत राहायचा. एका जागी दाबला की लाकूड तापतं आणि तापलं की चिरतं. "बोटाला ऊब लागली की उचलायचा," कातारी म्हणाले. मी ऊब लागायची वाट बघत बसले. आधी जळका वासच आला.

"उचला, बाई, उचला," असं म्हणत त्यांनी कागदाला हात लावला आणि झटकन मागे घेऊन फुंकर मारली. मला काहीच झालं नव्हतं. "चटका नाही बसला?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, आयुष्यभर इस्त्री हाताळली आहे, असल्या चटक्यांना माझे हात भीक घालत नाहीत. शहरातल्या सर्वोत्तम कातारींचे हात एवढे नाजूक असतील असं वाटलं नव्हतं. मनातून बरं वाटलं.

भुशाने घसा फार कोरडा पडतो. त्यांचा पाण्याचा माठ मी एकटीच संपवते.

१५ जानेवारी

हार्डवेअरच्या दुकानात गेले आणि डोकं गरगरून परत आले.

साधा पिवळा कागद आहे. तांबूस आहे, तो म्हणे लवकर बोथट होतो पण लाकडाला जपतो. काळा आहे, तो पाण्यात भिजवून वापरतात. कापडावर चिकटवलेला आहे, तो वळतो पण तुटत नाही. एक जाळीचा आहे, त्यातून भुसा आरपार निघून जातो. मी विचारलं, चांगला कुठला? दुकानदार म्हणाला, सगळेच चांगले. मी विचारलं, मग वाईट कुठला? तो म्हणाला, बाजूच्या दुकानातला.

कातारी म्हणतात कापडाचाच घ्या, जाळी म्हणजे नखरे. दुकानदार म्हणतो कातारी जुन्या काळातले. हे म्हणाले, जो सगळ्यात बारीक तो घे आणि मोकळी हो. मी साधा आणि कापडाचा, दोन्ही घेतले.

घरी आल्यावर सगळ्यांच्या दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या कापल्या. कातरीने नाही, कापडाची कातर कागदाला लावली की ती मेली. जुन्या सुरीने कापल्या. नंबर मागच्या बाजूला छापलेला असतो, तो काही पट्ट्यांवर आला, काहींवर नाही. "नंबर लिहून ठेवा," असं कातारींनी बजावलं होतं. मला हसूच आलं. ज्या बाईने जन्मभर मलमल आणि वायल बोटांनी ओळखलं तिला वाळूच्या कागदावर नंबर लिहून ठेवायचा? सगळ्या पट्ट्या बटणांच्या डब्यात ठेवल्या.

२१ जानेवारी

पहिला खुळखुळा झाला. कड्या छान वाजतात. मी बोट फिरवून बघितलं, रेशीम.

लेकीने हातात घेतला, गालातल्या गालात हसली आणि मग अंगठा मुठीवर मागे-पुढे करत राहिली. "आई, इथे ओरखडे लागतात गं."

"कुठे?"

"इथे. आणि इथे. सगळीकडेच."

मी परत बोट फिरवलं. काही नाही. ह्यांच्याकडे दिला तर हे म्हणाले, "किसणीच आहे." हे नेहमी तिची बाजू घेतात, त्यात नवल नाही. पण ती का म्हणते ते कळेना. अवघडलेल्या बाईला सगळंच टोचतं म्हणे. मला तिच्या वेळी चादरीची घडीसुद्धा टोचायची.

तरी वाईट वाटलं, ते लिहून ठेवते.

२४ जानेवारी

काळा कागद आणला, पाण्याचा. लाकूड फुगलं आणि केसाळ झालं. कातारी म्हणाले, पाणी कुणी लावायला सांगितलं, तेल लावायचं. दुकानदार म्हणाला, तेल लावायचं हे कुणाला कळत नाही?

मला कळत नाही. कुणीच सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या खुळखुळ्याला सुरुवात केली. ह्या लाकडात एक तांबडी रेघ निघाली. सुंदर दिसत होती, नेमकी मुठीच्या मध्यावर. मी कातारींना कौतुकाने दाखवली. त्यांनी लेथ बंद केला आणि माझा हात धरून उलटा केला. दोन बोटांची टोकं कागदाने सोलून निघाली होती. ती रेघ माझ्या रक्ताची होती.

"बाई, कळलं नाही तुम्हाला?"

"लक्ष कामात होतं," मी म्हटलं. आणि होतंच.

२८ जानेवारी

एक मूर्खपणा लिहून ठेवते, म्हणजे हसायला कामी येईल. दुकानातून परत आले, दार उघडून ह्यांनी माझ्या पायांकडे बघितलं आणि विचारलं, "दुसरी चप्पल कुठे?" एकाच पायात चप्पल होती. दुसरी कुठे गळून पडली कोण जाणे. अख्खा रस्ता मी तशीच चालत आले होते.

हे पोट धरून हसले. मग हसायचे थांबले आणि विचारू लागले, रस्ता तापलेला नव्हता का, खडा टोचला नाही का. मी म्हटलं, मी जाळीचा कागद घ्यावा की कापडाचा ह्या विचारात होते. नंतर हे जाऊन चप्पल शोधून घेऊन आले. कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या दारात पडली होती.

ह्या आठवड्यात कप दोन फुटले. ते नवे कपच निसरडे आहेत.

२ फेब्रुवारी

आज फार विचित्र दिवस गेला.

दुसरा खुळखुळा पूर्ण करून कातारींपुढे ठेवला. त्यांनी तो खिडकीपाशी नेऊन उजेडात तिरपा धरला. "शेवटी कुठला कागद मारलात?"

"चारशे."

"दाखवा."

मी पट्टी दिली. त्यांनी ती नुसती बघितली. "हा ऐंशी आहे, बाई."

चष्म्यावर भुसा बसतो म्हणून घासताना मी तो काढून ठेवते. पण चष्म्याचा इथे काय संबंध? बोटांनी निवडला होता. मी म्हटलं, दुकानदाराने चुकीचा दिला असेल. डब्यातून तीन पट्ट्या काढून त्यांनी फळीवर मांडल्या आणि म्हणाले, "डोळे मिटून सांगा, बारीक कुठली?"

हा तर माझा खेळ. वर्गात मी मुलींना हाच खेळायला लावायचे. डोळे मिटले, तिन्हींवर बोटं फिरवली. तिन्ही सारख्याच लागल्या. पण तसं कसं सांगणार? "मधली," मी ठामपणे सांगितलं.

डोळे उघडले तर कातारी माझ्याकडे बघत होते. "बरोबर ना?" मी विचारलं. ते म्हणाले, "आज राहू द्या. मला जरा काम आहे." काम काहीच नव्हतं. जाताना त्यांनी माझी पिशवी दारापर्यंत आणून दिली आणि विचारलं, हे संध्याकाळी घरी असतात का?

माझं काय चुकलं? पट्टी चुकली असेल, पण त्यासाठी माणूस एवढा सभ्य होत नाही.

३ फेब्रुवारी

कातारी आणि हे जिन्यात उभे राहून कुजबुजत होते. मी दिसताच कातारी खाली निघून गेले. मग ह्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "एकदा डॉक्टरांना दाखवून येऊ या का?" मी विचारलं, कुणाला काय झालंय? हे म्हणाले, "मला नाही."

खुळखुळा ओबडधोबड झाला तर कुणी डॉक्टरकडे नेतं का? मी विषय बंद केला. लेकीच्या घरात आता दिवस मोजायचे तेवढेच राहिलेत, मला वेळ नाही.

९ फेब्रुवारी

मुलगी झाली. दोघी सुखरूप. नाक जावयाचं, रडणं आमच्या घराण्याचं.

१६ फेब्रुवारी

दोघी परवा घरी आल्या. नर्सने दाखवून दिल्याप्रमाणे दोन दिवस लेकीनेच अंग पुसलं. उद्यापासून माझी पाळी. खुळखुळा मात्र तयार नाही, त्याचं वाईट वाटतं. लेक म्हणाली, "अगं, तिची मूठ तरी उघडू दे."

१७ फेब्रुवारी

लिहावंसं वाटत नाही. पण लिहिलं नाही तर मी उद्या स्वतःलाच काहीतरी वेगळं सांगेन.

खाली लेकीच्या न्हाणीघरात टब भरला. गरम पाणी घेतलं, गार मिसळलं आणि मनगटापर्यंत हात घालून बघितलं. कोमट वाटलं. लेक टॉवेल पसरत होती. बाळ माझ्या डाव्या हातावर होतं, उघडं, डोळे मिटलेलं. मी वाकले. तेवढ्यात हे काहीतरी द्यायला आत आले आणि जाता जाता त्यांनी पाण्यात बोटं बुडवली.

हे ओरडले नाहीत. त्यांनी माझ्या हातावरून बाळ उचललं, लेकीकडे दिलं आणि माझा उजवा हात धरून मला दाखवला. मनगटापर्यंत लालभडक झाला होता.

"हे कोमट आहे?" त्यांनी विचारलं.

मला ते कोमट वाटलं होतं. खरंच वाटलं होतं. लेकीने बाळाला छातीशी इतकं घट्ट धरलं की ते रडायला लागलं. तिने मला बोल लावला असता तर बरं झालं असतं.

१९ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई तरुण आहे. तिच्याकडे नायलॉनच्या जाडसर दोऱ्याचा एक तुकडा होता. म्हणाली, "डोळे मिटा. बोटाला दोरा लागला की हो म्हणा."

मी डोळे मिटून बसले. पंखा चालू होता, बाहेर कुणीतरी खोकत होतं. बराच वेळ गेला. मी म्हटलं, "सुरू करा ना."

ती म्हणाली, "झालं, आजी. दहाही बोटं झाली."

दोरा होता तो. आणि मला कळला नाही.

मग रक्त तपासलं. साखर आहे, आणि आजची नाही, बऱ्याच वर्षांची. त्या साखरेने हातापायांच्या नसा बधिर केल्या आहेत. आधी पाय, मग हात. पथ्य पाळलं, गोळ्या घेतल्या तर आहे तिथे थांबेल. गेलेलं परत येईल का, हे मी विचारलं. ती म्हणाली, "फार आशा धरू नका."

येताना हे बसमध्ये माझा हात धरून बसले होते. मी बघितलं म्हणून कळलं.

२३ फेब्रुवारी

बटणांचा डबा उपडा करून सगळ्या पट्ट्या टेबलावर पसरल्या आणि चष्मा लावून बसले. ऐंशी आणि चारशे यात इतका फरक आहे की लहान मूलही सांगेल. ऐंशीवर खडे दिसतात खडे. आणि मी त्यालाच रेशीम म्हटलं. दुकानदाराला नावं ठेवली, कपांना ठेवली, सुयांना ठेवली. सगळ्या जगाचा माल खराब निघाला आणि माझे हात तेवढे चांगले.

मला भीती वाटते, ती इथे लिहिते. कापड गेलं, सुई गेली, त्याचं दुःख आहे पण सोसेन. त्या पोरीचं अंग माझ्या हाताला कधीच लागणार नाही. ती किती मऊ आहे हे मला लोकांकडून ऐकावं लागेल. आणि तिला परत माझ्याकडे देतील का? न्हाणीघरातल्या त्या सकाळनंतर मी तिला घेतलेलं नाही. कुणी घे म्हणालं नाही, मीही मागितलं नाही.

२६ फेब्रुवारी

सकाळी लेक वर आली. बाळ खांद्यावर. "आई, न्हाऊ कधी घालतेस? बाबांना जमत नाही. ते तिला फाइल धरावी तशी धरतात."

मी म्हटलं, "चेष्टा करू नकोस."

"चेष्टा नाही. मी काल डॉक्टरांना फोन केला होता. तुझ्या कोपराला कळतं म्हणाल्या, कोपरापर्यंत पोचलेलं नाही. कोपर घालायचं पाण्यात. मग मी घालीन, मग बाबा. तिघांना पटलं तर पोरीला घालायचं."

"आणि तिघांना नाही पटलं तर?"

"तर आज पारोशी राहील. आपल्या घरात बाबांना ते नवीन नाही."

मी खाली गेले. टबात कोपर घातलं आणि एकदम मागे घेतलं. गरम होतं. मला कळलं, गरम होतं. मी तिथेच टबाच्या कडेला बसून रडले. लेकीने गार पाणी ओतलं आणि वाट बघत उभी राहिली.

न्हाऊन झाल्यावर तिने बाळ माझ्या कुशीत दिलं. पोरीने झोपेत मान वळवली आणि तिचा गाल माझ्या गालाला लागला. किती मऊ आहे ते इथे लिहिणार नाही, मलाच माहीत असू दे.

२७ फेब्रुवारी

गालाला कळतं. काल दिवसभर एवढंच डोक्यात होतं. मग आज दोन्ही खुळखुळे गालावर फिरवून बघितले. किसणीच आहेत.

५ मार्च

पुन्हा कातारींकडे. त्यांनी चहा दिला तो कपात नाही, कानवाल्या जाड मगात. चहा कोरा होता, साखर नव्हती. मग त्यांनी आपली गोलाई शहरात पहिली असल्याचं सांगितलं आणि मला बरं वाटलं.

नवं लाकूड, नव्या पट्ट्या. ह्या वेळी प्रत्येकीच्या पाठीवर ठळक नंबर लिहिले, हातातल्या हातात बदलू नये म्हणून दोन्ही टोकांना लिहिले. कापडाचा कागद घेतला. बोटाच्या आणि कागदाच्या मध्ये फोमचा तुकडा धरायचा, म्हणजे बोटं सोलत नाहीत. ऊब कळत नाही, म्हणून तोंडातल्या तोंडात पाचापर्यंत मोजायचं आणि उचलायचं. प्रत्येक नंबरानंतर लेथ थांबवायचा, भुसा पुसायचा, चष्मा लावून उजेडात बघायचं आणि मग गाल.

कातारी म्हणाले, असं लाकडाला गाल लावून बसलेलं माणूस त्यांनी पाहिलेलं नाही. मी म्हटलं, शहरात पहिलीच असेन.

१४ मार्च

खुळखुळा झाला. मूठ लहान आहे, तीन कड्या आहेत. खायचं तेल लावल्यावर फिकट लाकूड मधाच्या रंगाचं झालं.

संध्याकाळी खाली नेला. ह्यांनी बोट फिरवलं, म्हणाले, "आता बरोबर." लेकीने अंगठा फिरवला, नेहमीसारखा मागे-पुढे, मुठीवर, टोकावर, कड्यांवर. "एकदम गुळगुळीत, आई. झालं." आणि तिने तो बाळाकडे न्यायला हात पुढे केला.

मी म्हटलं, थांब.

खुळखुळा तिच्या हातातून घेतला आणि एकेक कडी गालावरून फिरवली. पहिली चांगली होती. दुसरी चांगली. तिसऱ्या कडीच्या आतल्या काठाला एक ओरखडा होता, बारीकसा, जेमतेम.

"अजून आहे," मी म्हटलं.

लेकीने त्या जागी पुन्हा अंगठा लावला. ह्यांनीही लावला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. "कुठे आहे?" लेक म्हणाली. "मला काहीच लागत नाही."

"मला लागतो," मी म्हटलं आणि चारशेची पट्टी घ्यायला वर आले.